बंद गिरणीचं वाक्य

अमरावतीच्या त्या सभागृहात मी बोललो नाही. नाव पुकारलं तेव्हा उभा राहिलो, माईकपर्यंत गेलो आणि न बोलता जागेवर परत आलो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्यांच्यासाठी बोलायचं होतं त्या सुभद्राबाईंना तर नाहीच. उलट, बोललो असंच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की कधी कधी तो न झालेला आवाज माझ्याच कानात घुमतो आणि क्षणभर वाटतं, असेलही झालं बोलून.

माघ सरत आला की हे सगळं पुन्हा वर येतं. बाभुळगावहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला या दिवसांत पळसावर पान नसतं, नुसती फुलं असतात. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असतात. वारा सुटला की ते थरथरतात पण सुटत नाहीत. शेतात उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे ढीग. कुठेतरी तूर काढणं चाललेलं, तिची ती नाकात जाऊन बसणारी कोरडी धूळ. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी डोक्याला दुपट्टा. ना धड थंडी, ना धड ऊन. पूर्वी हे दिवस मला आवडायचे. जाळावर भाजलेला हरभऱ्याचा हुळा खाऊन काळी झालेली बोटं घेऊन मी वर्गात गेलो आहे आणि पोरं फिदीफिदी हसली आहेत.

आता याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, ती जाहीर सूचना येते. दरवर्षी येते असं नाही; पण येते तेव्हा बहुधा याच सुमाराला. वीज दरवाढीचा प्रस्ताव आयोगापुढे आला आहे, ग्राहकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत, जनसुनावणी अमुक ठिकाणी. लोक त्या पानावर फोडणीचे पोहे घेऊन खातात, तेलाचे डाग त्या अक्षरांवर पसरतात. यंदाही आली. बायको म्हणाली, "वाचा की. तुम्ही तर गेलते ना एकदा." मी पान दुमडून बाजूला ठेवलं आणि चष्मा पुसत बसलो.

गावाच्या वरच्या अंगाला, चढावर, बंजारा लोकांचा तांडा आहे. सुभद्राबाईंची पिठाची गिरणी तिथे, तांड्याच्या तोंडाशीच होती. टिनाची खोली, दारात कडुनिंब, आत पट्ट्याचा फटफट आवाज. तो आवाज खालपर्यंत, शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत ऐकू यायचा. मी व्याकरण शिकवत असायचो आणि मागून गिरणीचा ताल चाललेला. लाईन गेली की तो ताल असा मध्येच बसायचा की अख्खा वर्ग खिडकीकडे बघायचा.

गावात दुसरी गिरणी होती, पण आमच्या घरचं दळण तांड्यावरच जायचं. बायकोचं म्हणणं, सुभद्राबाई ज्वारी दळतात तशी कुणी दळत नाही. खरं कारण वेगळं असावं. तिथे बायका बसायच्या. डबे, पिशव्या, गोण्या रांगेत ठेवून कडुनिंबाखाली गप्पा चालायच्या, आणि सुभद्राबाई आतून, गिरणीच्या आवाजाच्या वरून, प्रत्येक गप्पेत भाग घ्यायच्या. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, कोपरापर्यंत पांढरे हात. गरम पिठाचा तो वास अजून आठवतो. ताज्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन स्कूटरवरून उतरताना पोटाला ऊब लागायची.

त्या वर्षीची सूचना मीच त्यांना वाचून दाखवली होती. दळण घ्यायला गेलो होतो, हातात पेपर होता, त्यांनी विचारलं काय लिहून राह्यले विजेचं, म्हणून वाचलं. 'हरकती मागविण्यात येत आहेत' हे ऐकून त्या गिरणीत गहू ओतता ओतता थांबल्या.

"सरकारले हरकती पायजेत?" त्या म्हणाल्या. "मंग आमच्या तांड्यातले पोट्टे पाठवून देतो ना सर. दिवसभर हरकतीच करतात!"

कडुनिंबाखालच्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसलो. मग मास्तरकीच्या सवयीने समजावून सांगितलं की ही हिंदीतली हरकत नव्हे, खोडी नव्हे. इथे हरकत म्हणजे आक्षेप. आपल्याला जे पटत नाही ते साहेबांपुढे उभं राहून सांगायचं. दर ठरण्याच्या आधी सांगायचं, आणि कुणालाही सांगता येतं.

"कोनालेई?"

"कुणालाही. ज्याच्या घरी मीटर आहे त्याला."

त्यांना हे फार नवल वाटलं. दर ठरवण्याच्या आधी विचारतात, ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. मग प्रस्तावात काय आहे ते विचारलं. मी सांगितलं की बाकी आहेच, पण तुमच्यासाठी मुख्य म्हणजे स्थिर आकार वाढणार आहे. गिरणी चालो न चालो, जोडणी घेतली आहे म्हणून दर महिन्याला जो द्यावा लागतो, तो.

"म्हंजे गिरणी थीर बसली तरी बिल चालू?" सुभद्राबाई म्हणाल्या. "थीर तं मीबी बसतो दुपारभर. मले कोन देते?"

पुन्हा हशा झाला. पण यावेळी त्या स्वतः हसल्या नाहीत. तांड्याची गिरणी ती. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, आणि लग्नसराईत काय ती भरून चालायची. बाकीचा वेळ पट्टा लोंबत असायचा. वाढता स्थिर आकार म्हणजे त्या लोंबत्या पट्ट्याचंच बिल. गिरणी राहणार की जाणार, एवढाच तो प्रश्न होता; आणि तो त्यांनी तिथल्या तिथे, हातातली टोपली खाली ठेवायच्या आधी ओळखला होता.

"तुमी जा सर," त्या म्हणाल्या. "मले बोलता येते, पन माईकवर नाही येत. अन् हे लग्नाचे दिवस, गिरणी बंद ठेवली तं बाया कुठी जातील? तुमचं तोंड शाळेत चालते. तुमी सांगजा त्याहिले."

मी मुळात कमी बोलणारा माणूस. वर्गाबाहेर माझ्या तोंडून शब्द निघायला वेळ लागतो. पण इतक्या बायांसमोर नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो.

मग त्यांनी मला ते वाक्य दिलं. "एवढंच सांगजा. बाया दळन आनतात तवाच गिरणी चालते. गिरणी काई दुकान नोहे. बंद गिरणीचं मागू नका, चालल्याचं बराबर घ्या." एवढं सांगून त्या म्हणाल्या, "म्हनून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी कानामागे पांढरा हात धरला. "ऐकू येऊन नाही राह्यलं. गिरणीच्या वर बोला!"

मी आवाज चढवला. मागून कुणीतरी म्हणालं, "मायबाई, सर भाषन करून राह्यले!" मी आणखी चढवला. शेवटी मी अक्षरशः ओरडलो आणि तेव्हा कुठे सुभद्राबाईंनी मान डोलावली, अगदी मी पाठांतर ऐकून मुलांपुढे डोलावतो तशी. त्या संध्याकाळी चढ उतरताना मला आयुष्यात प्रथमच आपला घसा आहे असं जाणवलं. तो दुखत होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

सुनावणीच्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. सोबत सुभद्राबाईंनी दिलेली बाटी, म्हणजे त्यांच्याकडची जाड भाकर, आणि लसणाची चटणी. चांदूर येईपर्यंत खिडकीतून हरभऱ्याची शेतं बघत मी ते वाक्य घोळवत होतो.

सभागृह मोठं होतं. थंड केलेलं. मखमली खुर्च्या, प्रत्येक टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या, समोर मंचावर आयोगाची मंडळी. माझ्या आधी बरेच लोक बोलले. कारखान्यांच्या संघटनांचे वकील होते. ते इंग्रजीत, पडद्यावर तक्ते दाखवत बोलले. ग्राहकांसाठी वर्षानुवर्षं भांडणारे एक गृहस्थ होते, ते तावातावाने बोलले. एक तरुण शेतकरी ओलितासाठी रात्रीच मिळणाऱ्या लाईनबद्दल बोलला. मंचावरचे लोक लिहून घेत होते, मध्ये प्रश्न विचारत होते. मला वाटलं होतं तसं ते मुळीच नव्हतं. तिथे ऐकणं चाललं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी सगळ्यांना नेमकं उलटं सांगितलं.

माझं नाव पुकारलं तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. मी माईकपाशी गेलो. माईकने एक शीळ घातली आणि मग तिथे जी शांतता पसरली, तशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. ज्याच्यावर आवाज चढवायचा असं काही तिथे नव्हतंच. गिरणी नव्हती.

मी उभाच राहिलो हे बघून अध्यक्ष अतिशय सौजन्याने म्हणाले, "आपल्या भागातल्या अडचणी आधीच्या बोलण्यात बऱ्याच आल्या आहेत. तरी आपल्याला काही वेगळं सांगायचं असेल तर अवश्य सांगा, वेळ आहे. नसेल, तर आपण पुढे जाऊ. हरकत नाही ना?"

आणि मी म्हणालो, "हरकत नाही."

"नक्की ना?"

"हो हो, हरकत नाही."

हा शब्द आमच्या तोंडात कसा बसलेला आहे! पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. एसटीत कुणी आपल्या जागेवर रुमाल टाकला, हरकत नाही. वरपक्षाने तारीख पुढे ढकलली, दुधात पाणी निघालं, हेडमास्तरांनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं, हरकत नाही. चांगल्या घरातल्या माणसाने असंच म्हणायचं असतं. मी तर जन्मभर हेच म्हणत आलो आणि त्यालाच सभ्यपणा समजत आलो. त्या सभागृहात लोक हरकत घ्यायला जमले होते. मला त्याच एका शब्दासाठी पाठवलं होतं, आणि तो मी पुढे 'नाही' लावून तिथेच ठेवून आलो. खुर्चीत बसताना हे लक्षात आलं. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागाने मी परत फिरलो असतो. जेवणानंतरही सुनावणी चालू होती. पुन्हा हात वर करता आला असता. मी हात मांडीखाली घेऊन बसलो, आणि थोड्या वेळाने उठून बाहेर आलो.

बाटी मी अमरावतीच्या स्टँडवर खाल्ली. परतीच्या गाडीत ते वाक्य मी मनातल्या मनात फार चांगलं म्हटलं. थांबे बरोबर, जोर बरोबर.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो तेव्हा मनात खरं सांगायचंच होतं. पण मला चढावर बघताच सुभद्राबाईंनी गिरणी बंद केली. दळण अर्ध्यात असताना त्यांनी कधी कुणासाठी गिरणी थांबवली नव्हती. पट्टा फडफडत मंदावला आणि थांबला, बाया उठून जवळ आल्या, आणि पुन्हा एकदा ती शांतता.

"काय म्हने साहेब?"

"ऐकून घेतलं."

"बंद गिरणीचं सांगतलं?"

"सांगितलं."

"तसंच? गिरणीच्या वर?"

"तसंच."

त्यांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "मंग? मंग काय म्हने?"

"विचार करू म्हणाले."

त्या क्षणी त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत मांडणार नाही. माझा तो हक्क नाही. त्यांनी हात पदराला पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाह्यलं? आपल्या तांड्याचं तठी जाऊन पोचलं."

मोकळेपणाने सांगायचं तर मला ते खोटं आवडलं. पुढे मी त्यात भर घातली. घरी सांगताना सभागृहात टाळ्या पडल्या. शाळेत सांगताना मंचावरच्या एका साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक वेळी मी थोडा अधिक धीट होत गेलो.

मग आदेश निघाला, स्थिर आकार वाढला. मी बोललो असतो तर तो वाढला नसता असं मला वाटत नाही. एवढा भाबडा मी नाही. गिरणीही केवळ त्यानेच बंद पडली असं नाही. घरोघरी दळणाच्या छोट्या घरघंट्या आल्या, रस्ता झाला, बाया ऑटोने बाजारात दळण नेऊ लागल्या. पण आयोगाच्या आदेशात लोकांनी घेतलेल्या हरकती नोंदवलेल्या असतात, त्यांना उत्तरंही दिलेली असतात. तांड्यावरच्या एका बाईचं वाक्य नाकारलेलं का होईना, तिथे आलं असतं. कदाचित पुढच्या खेपेला कुणी त्यावर बोट ठेवलं असतं. हे सगळं 'असतं' आहे, आणि ते तसंच राहणार.

गिरणी बंद करायचं ठरलं त्या दिवशी सुभद्राबाई माझ्यावर मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपुन तं सांगतलं ना सर. ऐकलं नाही त्याहिनं. आपलं काम आपुन केलं." त्यांनी 'आपुन' म्हटलं. त्या दिवसापासून तांड्यावर मी म्हणजे साहेबांशी भांडलेला माणूस. होळीला पुरणपोळी येते. नव्या सुनेला ओळख करून देताना त्या म्हणतात, "हे सर आपल्यासाठी अमरावतीले भांडले." मी खाली बघतो. लोकांना तो नम्रपणा वाटतो.

गिरणीची दगडी तळी आता कडुनिंबाखाली पडलेली आहे. तिच्यावर कुणी कपडे आपटतं, कुणी बसतं. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी आता काहीच ऐकू येत नाही. मुलांना ती शांतताच वाटत नाही, कारण त्यांनी आवाज ऐकलेला नाही.

परवा तांड्यावर गेलो होतो, सुभद्राबाईंची तब्येत विचारायला. गुडघे धरले आहेत त्यांचे. त्यांची सून ललिता, बारावी झालेली, बोलायला चटपटीत. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आईच. तिने चार बायांना धरून गिरणी पुन्हा सुरू करायचं मनात घेतलं आहे. पिठासोबत तिखट, हळद, डाळी. खोली झाडून झाली आहे, जोडणीसाठी अर्ज करायचा आहे. चहा देता देता तिने मोबाईल पुढे केला.

"सर, हे पाहा. यावेळी मोबाईलवरूनई बोलता येते म्हने सुनावणीत. स्थिर आकार अजून वाढवून राह्यले. मी नाव देऊ का? तो असाच वाढला तं गिरणी चालू करून काय फायदा?"

मी उत्तर देण्याआधी खाटेवरून सुभद्राबाई म्हणाल्या, "तू कायले वं? मांगं सर गेलते ना. एवढा शिकेल मानूस, खनखनीत बोलले, सारं सारं सांगतलं. ऐकलं का कोनी? त्याहिचं नाही ऐकलं तं तुह्यं कोन ऐकते?"

"तवाची गोठ अलग याडी."

"काई अलग नाही. इचार सरले."

ललिताने माझ्याकडे पाहिलं. "खरं का सर? बोलून काईच नाही होत?"

कप हातात होता. तो खाली ठेवायला हवा होता. मी म्हणालो, "बघ बाई, तुझं तू ठरव." मग तिने मोबाईल ब्लाउजमध्ये खोचला आणि रिकामे कप उचलून आत गेली. सुभद्राबाई समाधानाने म्हणाल्या, "लेकरू आहे. समजत नाही तिले."

चढ उतरताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय केलं होतं. तोवर वाटायचं, एकदा गप्प बसलो, एकदा खोटं बोललो, झालं. पण ते खोटं तिथेच थांबलं नव्हतं. ते तांड्यावर राहायला गेलं होतं, मोठं झालं होतं, आणि आता एका मुलीला तोंड उघडू देत नव्हतं. बोलून काही होत नाही, हे त्या लोकांना कुठल्या साहेबाने शिकवलं नाही. मी शिकवलं. माझ्या सगळ्या नोकरीत इतका पक्का धडा मी दुसऱ्या कुणाला दिला नसेल.

हे इथे लिहितोय खरा, पण लिहिणं मला सोपं जातं, त्याचं मोठेपण घेऊ नये. सुभद्राबाई पेपर वाचत नाहीत. ललिता वाचेल कदाचित, आणि तिला हे असं छापलेलं सापडावं हाही एक पळपुटेपणाच होईल. मला कागदाच्या आड उभं राहायची सवय आहे, ती मला माहीत आहे.

सुनावणीला अजून वेळ आहे. नाव देण्याची मुदत संपलेली नाही. मला तांड्यावर जाऊन, सुनेच्या देखत, सुभद्राबाईंना सांगायचं आहे की तुमचं म्हणणं त्यांनी नाकारलं नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही, कारण मी ते सांगितलं नाही. एवढं मी त्या दोघींचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.